जुन्या घराची तपासणी नेमकी कोणाकडून करून घ्यावी? (औसा तालुका : दगड-मातीचे घर आणि त्याला जोडलेल्या स्लॅबच्या खोल्या)

प्रश्न : मांजराकाठ

सर्व सभासदांना नमस्कार.

औसा तालुक्यातील एका गावात आमचे वडिलोपार्जित घर असून तेथे आई-वडील राहतात. मी नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला असतो. घराचे दोन भाग आहेत. मागचा भाग आजोबांच्याही आधीचा, दगड-मातीच्या जाड भिंतींचा आणि लाकडी खांब-तुळयांवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात तो पडला नाही, मात्र एका कोपऱ्यात भिंत फाटली होती. त्यानंतर दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी सरकारी मदत मिळाली, तेव्हा तिच्यात पदरची भर घालून वडिलांनी जुने घर तसेच ठेवले आणि पुढच्या अंगणात विटांच्या भिंतींच्या, स्लॅबच्या तीन खोल्या बांधल्या.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनंतर मागच्या भागातील उत्तरेकडच्या भिंतीला पोट सुटले आहे. पुढच्या खोल्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा गेल्या असून त्या उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटतात, असे आईचे निरीक्षण आहे. न्हाणीवरील स्लॅबचे पोपडे पडून गंजलेले गज उघडे पडले आहेत. आई-वडिलांनी या घरात राहावे की नाही, हा पहिला प्रश्न. धाकट्या भावाला पुढच्या खोल्यांवर मजला चढवायचा आहे, तो पेलेल काय, हा दुसरा.

अडचण अशी की, ज्याला विचारावे त्याचे उत्तर त्याच्या धंद्याप्रमाणे येते. गावातील गवंडी म्हणतात की भेगा भरून गिलावा केला म्हणजे झाले. गुत्तेदाराने सर्व पाडून नवे बांधण्याचा आकडा सांगितला. भावाने गृहकर्जासाठी बँकेत विचारणा केली असता बँकेच्या मूल्यांकनकाराने येऊन ‘बांधकामाची स्थिती समाधानकारक’ असे लिहून दिले; ते अर्ध्या तासात निघून गेले आणि मागच्या भागात त्यांनी पाऊलही टाकले नाही. नात्यातील एक आर्किटेक्ट मदत करण्यास तयार आहेत. शिवाय मोफत तपासणी करून देऊ म्हणणाऱ्या एका वॉटरप्रूफिंग कंपनीचा फोन येऊन गेला.

अशा घरासाठी योग्य तज्ज्ञ कोण, तो त्या कामाचा आहे हे आमच्यासारख्या अनभिज्ञाने कसे ओळखावे, आणि त्याच्याकडून लेखी काय मागावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : भारवाही (संरचना अभियंता, लातूर)

आपण उल्लेख केलेल्या सर्व व्यक्ती आपापल्या कामात खऱ्या असू शकतात, परंतु त्यांपैकी कोणालाही आपला प्रश्न विचारण्यात आलेला नाही. बँकेचा मूल्यांकनकार बँकेसाठी तारण मालमत्तेची किंमत ठरवतो. ‘स्थिती समाधानकारक’ या शेऱ्याचा अर्थ कर्ज सुरक्षित राहण्याइतकी मालमत्ता जागेवर आहे एवढाच घ्यावा. सप्टेंबरातील पावसानंतर पडझडीचा पंचनामा झाला असेल, तर तोही मदत मंजूर करण्यापुरता असतो. ‘अंशतः पडझड’ ही नोंद म्हणजे उरलेला भाग राहण्यास योग्य असल्याचा दाखला नव्हे. आर्किटेक्ट हे वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली नोंदणीकृत असतात आणि घराची मांडणी, उजेड, वापर यांविषयी त्यांचे मत मोलाचे असते. पण भिंत किती भार घेते आणि पाया कोठे टेकला आहे याचे गणित तेही चांगल्या प्रकल्पात संरचना अभियंत्याकडूनच करून घेतात. नातलग आर्किटेक्ट आपणास योग्य अभियंता सुचवू शकतील, हा त्यांचा खरा उपयोग.

तेव्हा आपल्याला हवा आहे तो स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी असलेला आणि प्रत्यक्ष संरचना आरेखनाचा व जुन्या इमारतींच्या तपासणीचा अनुभव असलेला अभियंता. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो : आपल्या देशात डॉक्टर किंवा वकिलाप्रमाणे स्थापत्य अभियंत्यासाठी देशव्यापी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे फलकावर ‘इंजिनीअर’ लिहिणारा पदविकाधारक नकाशे मंजूर करून देणारा असू शकतो, गुत्तेदार असू शकतो किंवा खरोखरीचा संरचना अभियंताही असू शकतो. महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे परवानाधारक तांत्रिक व्यक्तींची यादी असते आणि तीत संरचना अभियंता ही वेगळी वर्गवारी असते. आपले गाव हद्दीबाहेर असले तरी लातूरची यादी पाहून सुरुवात करण्यास काहीच हरकत नाही. महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते कलम महानगरपालिका हद्दीपुरतेच असले, तरी त्यानिमित्ताने अशी तपासणी नेहमी करणारे अभियंते शहरात सापडतात.

परवाना ही किमान अट झाली. माणूस कामाचा आहे की नाही हे त्याच्या पहिल्या भेटीतच कळते. आपल्या पुढच्या खोल्यांचेच घ्या. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग ऐकून ज्याने सर्वप्रथम जमिनीविषयी विचारले नाही, त्याला पुढे नेमू नये. काळ्या मातीतील चिकणखनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. पाया मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच थांबवला असेल, तर दर ऋतूत घराचा एक कोपरा दुसऱ्याहून अधिक उचलला किंवा खचवला जातो आणि ती ओढाताण भिंतीत सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, उमटते. म्हणून चांगला अभियंता जोत्यालगत एक-दोन ठिकाणी खड्डा घेण्यास सांगेल, पाया किती खोल व रुंद आहे आणि तो कशावर टेकला आहे हे स्वतः पाहील, मातीचा नमुना फुगवटा तपासण्यासाठी पाठवील. शोषखड्डा कोठे आहे, न्हाणीचे पाणी कोठे मुरते, स्लॅबवरची पन्हाळ जोत्याशीच पाणी ओतते काय, भिंतीजवळ लिंबाचे मोठे झाड आहे काय, हेही तो विचारील. पुष्कळदा भेगांचे कारण भिंतीत नसून त्या पन्हाळीत असते.

न्हाणीवरील स्लॅबची गोष्ट वेगळी आहे. तेथे गज गंजले आहेत, म्हणजे काँक्रीटचे गजाला असलेले संरक्षण संपले आहे. ते किती खोलवर संपले हे पाहण्यासाठी ताजे फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात. जेथे गुलाबी रंग येतो तेथे अल्कधर्म शिल्लक असतो, जेथे येत नाही तेथे कार्बोनेशन, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडने तो अल्कधर्म संपवणे, पोचलेले असते. बांधकामाच्या वेळी बोअरचे पाणी वापरले होते काय, हेही वडिलांना विचारून ठेवावे. आयएस ४५६ या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकानुसार प्रबलित काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि आपल्याकडील काही बोअरचे पाणी किती खारट असते हे आपण जाणताच. खराबी न्हाणीपुरती आहे की संपूर्ण स्लॅबमध्ये, यावर दुरुस्ती अवलंबून राहील.

मजल्याबाबत मात्र पाया, भिंतींची जाडी व विटांचा दर्जा आणि स्लॅबमधील गजांची मांडणी हे तिन्ही कळल्याशिवाय होय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या वर्णनावरून ते बांधकाम कॉलमचे नसून भिंतींवर भार घेणारे दिसते, आणि पाया आताच हलत असेल तर त्यावर मजला चढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी पाहणीआधीच म्हणेन.

उत्तर २ : जुना ओव्हरसिअर (धाराशिव)

वरील उत्तर पुढच्या खोल्यांपुरते उत्तम आहे. परंतु मागच्या भागाविषयी त्यात एकही वाक्य नाही, हे मला खटकले, आणि असे का घडते तेही ठाऊक आहे. आजचे बहुतेक संरचना अभियंते काँक्रीटच्या चौकटीवर वाढलेले असतात. दगड-मातीची भिंत संगणकाच्या प्रारूपात नीट बसत नाही, म्हणून ते ‘पाडून टाका’ असा सल्ला देतात. तो सल्ला कधी कधी बरोबर असतो, पण तो तपासणीतून आलेला नसतो. तेव्हा आपण ज्यांना बोलवाल त्यांना फोनवरच विचारावे की त्यांनी यापूर्वी दगड-मातीच्या किंवा चुन्यातल्या घराचा अहवाल दिला आहे काय, आणि आयएस १३८२८ व आयएस १३९३५ ही मानके त्यांच्या वापरात आहेत काय. पहिले मानक कमी ताकदीच्या दगडी व विटांच्या बांधकामाच्या भूकंपसुरक्षेविषयी, तर दुसरे अशा बांधकामांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाविषयी आहे. उत्तर देताना अडखळले तर पुढच्या खोल्यांसाठी त्यांना जरूर नेमावे, मागच्यासाठी दुसरा माणूस शोधावा.

मी शासकीय सेवेत असताना १९९३ नंतरच्या मजबुतीकरणाच्या कामांवर होतो, त्यामुळे अशा घरात काय पाहायचे ते थोडे विस्ताराने लिहितो. जाड दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी आत दोन स्वतंत्र पदर असतात आणि मध्ये चिखल व चिपा भरलेल्या असतात. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील, तर पाणी आत शिरून मधला भराव मऊ होतो आणि बाहेरचा पदर सुटून पुढे येतो. आपण ज्याला पोट म्हणता ते बहुधा हेच आहे. किल्लारी परिसरात भिंती कोसळल्या त्यामागे या सुटलेल्या पदरांचा मोठा हात होता. वर माळवदाच्या मातीचे ओझे. एक फूट जाडीची माती दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते, तर पाच इंची काँक्रीट स्लॅब सुमारे ३०० किलो. माळवद गळू लागले की दरवर्षी त्यावर पांढरी माती टाकण्याची आपल्याकडे रीत आहे आणि जुनी माती काढून टाकण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही, त्यामुळे कित्येक घरांत ही जाडी हातभराहून अधिक होऊन बसते, आणि पावसात भिजली की तीच आणखी जड होते.

जमेची बाजूही आहे. आपल्या घरात लाकडी खांब-तुळयांची चौकट आहे. ती पूर्ण असेल, म्हणजे भिंतीलगतही खांब असतील आणि माळवदाचा भार भिंतीवर न येता खांबांवरून जमिनीत जात असेल, तर बिघडलेली भिंत उतरवून पुन्हा आरपार दगड घालून बांधता येते आणि छप्पर जागेवर राहते. पण काही घरांत खांब फक्त मधोमध असतात आणि तुळयांची बाहेरची टोके भिंतीत खुपसलेली असतात. तेथे भिंत गेली की छप्पर गेले. आपले घर या दोहोंपैकी कोणते, हे पाहण्यासाठी तज्ज्ञाने गिलावा थोडा उकलून भिंतीतील खांब शोधले पाहिजेत, प्रत्येक खांबाचे बूड आणि भिंतीत शिरणारे तुळईचे टोक टोचून पाहिले पाहिजे. वाळवी आणि कुज या दोन्हींना याच दोन जागा आवडतात. आत न शिरता, माळवदावर न चढता, गिलाव्याला हात न लावता ज्याने मत दिले, त्याचे मत कितीही मोठ्या पदवीचे असले तरी घेऊ नये.

गवंड्याला मात्र सरसकट बाजूला सारू नका. दगडी काम केलेला वयस्कर गवंडी परिसरात असेल, तर पाहणीच्या दिवशी त्याला रोजंदारी देऊन अभियंत्याबरोबर उभे करावे. कोठे उकलावे, कोणता दगड हलवला तर वरचा थर बसणार नाही, हे त्याला हाताने कळते. निर्णय अभियंत्याने घ्यावा.

आणि अहवाल येईपर्यंत थांबू नका. त्या उत्तरेकडच्या भिंतीच्या दोन्ही अंगांना कोणी झोपू नये, आणि तिच्याजवळच्या तुळयांना टेकू द्यावेत.

उत्तर ३ : दुधनातीर (परभणी)

मी अभियंता नाही. घरमालक म्हणून लिहिते आहे. आमच्या परभणीच्या घराच्या गळतीसाठी अशाच एका मोफत तपासणीला मी होकार दिला होता. आलेल्या तरुणाने ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला टेकवले, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली आणि दुसऱ्या दिवशी ‘तपासणी अहवाल’ या नावाखाली त्याच कंपनीच्या रसायनांचे दरपत्रक पाठवले. स्लॅबमधील गज गंजले आहेत काय, हा प्रश्न त्यात कोठेच नव्हता, कारण त्या प्रश्नाच्या उत्तरात विकण्यासारखे काही नसावे. पुढे पैसे देऊन बोलावलेल्या अभियंत्यांनी गच्चीवरील पाण्याच्या टाकीची जोडणी गळत असल्याचे दाखवून दिले, तेव्हा नळ जोडणाऱ्यानेच काम भागवले.

त्यामुळे मला वाटते की पदवीच्याही आधी हे विचारावे : अहवाल दिल्यानंतर दुरुस्तीचे काम तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचा गुत्तेदार घेणार आहे काय? घेणार असेल, तर तपासणी त्यांच्याकडून करू नये. तपासणीचे शुल्क ठरलेले असावे आणि दुरुस्तीच्या खर्चाची टक्केवारी म्हणून ते कदापि ठरवू नये. खर्च वाढला की शुल्क वाढते, अशी व्यवस्था आपण स्वतःहून कशाला करावी?

आणखी एक. वरील दोन्ही उत्तरदात्यांना विचारावेसे वाटते की ते रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक वगैरे चाचण्यांचे काय? आमच्या नातलगांच्या सोसायटीत अशा चाचण्यांच्या कागदांची जाडजूड फाइल तयार झाली, पण इमारतीत राहावे की नाही हे तीत कोठेही लिहिलेले नाही.

मांजराकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांशी बोललो. पुढच्या खोल्यांचा पाया ‘कमरेएवढा’ खोदला होता आणि मुरूम लागला नव्हता, असे त्यांना आठवते. पाणी बोअरचेच होते. मागच्या भागात उत्तरेच्या भिंतीलगत खांब नाहीत. तुळया थेट भिंतीत गेल्या आहेत. आई-वडील आता पुढच्या खोलीत झोपतात.

तीन शंका राहिल्या. चाचण्या थेट शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडून करून घेतल्या तर अभियंत्याचा खर्च वाचेल काय? अहवालात नेमके काय असावे? आणि दोन भागांसाठी दोन तज्ज्ञ नेमले व त्यांची मते जुळली नाहीत तर काय करावे?

उत्तर ४ : गोदाकाठ (नांदेड)

मतभेदाच्या शंकेपुरते लिहितो. दोन तज्ज्ञ नेमावेत, पण एकाच दिवशी बोलवावेत. जुने आणि नवे बांधकाम जेथे एकमेकांना टेकते, तो सांधा दोघांनीही आपल्या हद्दीबाहेरचा मानला, असे आमच्या गावच्या घरात झाले. माळवदाचे पाणी याच सांध्यातून स्लॅबच्या भिंतीत उतरत होते.

येथे काही सभासदांना भूकंपाचा मुद्दा जुना वाटत असेल, म्हणून आठवण देतो की १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेड-परभणीपर्यंत जाणवला होता. आमच्याकडच्या अनेकांनी त्यानंतर दिशा पाहणाऱ्या सल्लागाराला घर दाखवले. त्यांनी दरवाजा हलवण्यास सांगितले, आणि नवा दरवाजा भार घेणाऱ्या भिंतीतच फोडण्यात आला! अभियंत्याला दाखवण्यापूर्वी घरात कोणतीही फोडाफोड करू नये, एवढेच माझे सांगणे.

उत्तर ५ : भारवाही (संरचना अभियंता, लातूर)

ओव्हरसिअर साहेबांचा आक्षेप रास्त आहे. मागच्या भागासाठी त्यांनी सुचवलेल्या अनुभवाचाच माणूस घ्यावा. तुळया थेट भिंतीत गेल्या आहेत हे कळल्यावर तर तो भाग अधिक तातडीचा झाला आहे.

आता चाचण्यांविषयी, कारण दुधनातीर यांनी दाखवलेली फाइल मीही अनेकदा पाहिली आहे. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, असे भारतीय मानकातच म्हटले होते. त्यात कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग अधिक कठीण होतो, त्यामुळे जुने काँक्रीट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा चांगले भासते. कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना, काढणे अधिक भरवशाचे. किमान तीन कोअर घेतात. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारार्ह मानतात. पण आपल्या तीन खोल्यांच्या स्लॅबला भोके पाडण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. तेथे गज शोधण्याचे यंत्र, दोन-तीन ठिकाणी फोडून पाहिलेला गज आणि फिनॉल्फ्थॅलीन एवढ्यात पुष्कळ समजेल. दगड-मातीच्या भिंतीवर तर हॅमर मारणे हा वेळेचा अपव्यय आहे.

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांत शुल्क घेऊन माती व काँक्रीटच्या चाचण्या होतात आणि त्यांचे आकडे विश्वासार्ह असतात. मीही नमुने तेथे पाठवतो. परंतु प्रयोगशाळा आपण दिलेल्या नमुन्याचा आकडा देते. नमुना कोठून घ्यायचा आणि त्या आकड्यावरून आपल्या भिंतीविषयी काय समजायचे, हे ठरवणारा माणूस आधी लागतो. क्रम उलटा केला तर खर्च वाचणार नाही, दोनदा होईल.

अहवालाची सुरुवात आपण विचारलेल्या प्रश्नांनीच व्हावी, म्हणून नेमणुकीच्या पत्रातच ते लिहून द्या : मागच्या भागात राहता येईल काय, पुढच्या भेगांचे कारण काय व ते दूर कसे करावे, न्हाणीवरील स्लॅब दुरुस्त होईल की बदलावा लागेल, मजला पेलेल काय. ‘घराची तपासणी करून द्यावी’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते. घराचा मोजमापासह आराखडा, त्यावर क्रमांक घातलेल्या भेगा व त्यांची मिलिमीटरमधील रुंदी, कोठे उकलून पाहिले आणि कोठे पाहता आले नाही याची प्रामाणिक नोंद, खड्ड्यात दिसलेला पाया, आणि तातडीची कामे व सवडीने करावयाची कामे यांची विभागणी, एवढे असल्याशिवाय अंतिम रक्कम देऊ नये. सहीखाली नाव, शैक्षणिक अर्हता, परवाना क्रमांक आणि पाहणीची तारीख असावी. ‘इमारत सुस्थितीत आहे’ अशा एका ओळीचे प्रमाणपत्र बाजारात सहज मिळते आणि ते घराकडे न फिरकताही दिले जाते. त्याच्या आधाराने मजला चढवू नये.

दोन मते जुळली नाहीत, तर दोघांनाही एकच विचारावे की आपले मत कोणत्या निरीक्षणावर उभे आहे. एकाने खड्ड्यात उतरून पाया पाहिला असेल आणि दुसऱ्याने रस्त्यावरून भिंत पाहिली असेल, तर निवड अवघड राहत नाही. दोघांनीही नीट पाहिले असून मते भिन्न असतील, तर मागच्या भागाबाबत अधिक सावध असलेले मत धरावे, कारण तेथे माणसे राहतात.

पुढच्या भागातील भेगांना घाई नाही. कमरेएवढा पाया आणि न लागलेला मुरूम हे ऐकल्यावर कारण बहुतेक स्पष्ट आहे, तरी एका भेटीत निकाल देणाऱ्यापेक्षा मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा पावसाळा संपता संपता येण्यास तयार असलेला अभियंता घ्यावा. तोवर प्रत्येक मोठ्या भेगेवर दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटवलेली पातळ काचपट्टी लावून तिच्यावर तारीख लिहावी. भेग सरकली की काच तडकते. आईंनी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला रुंदी मोजून वहीत लिहिली, तर ती वही माझ्यासारख्याला कोणत्याही यंत्राच्या आकड्यापेक्षा अधिक सांगेल. पन्हाळीचे आणि न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर नेण्याचे काम मात्र आताच करता येते, त्यासाठी कोणाच्या अहवालाची गरज नाही.

टेकूंविषयी एक सूचना. उत्तरेच्या भिंतीजवळील तुळयांखाली टेकू देताना ते मातीच्या जमिनीवर थेट उभे करू नयेत. खाली रुंद लाकडी फळी घालावी, अन्यथा पहिल्याच ओलीत ते खचतील. पाचर ठोकताना तुळई वर उचलली जाता कामा नये, ती केवळ घट्ट टेकली पाहिजे, कारण फुगलेल्या भिंतीतून तुळईचे टोक हलले तर वरचा थर सुटू शकतो. हे काम त्या वयस्कर गवंड्याकडूनच करून घ्यावे, आणि त्यानंतर माळवदावर कोणी चढू नये.